कॉपी झालं, आता वाचून बघा

नवा कॉम्प्युटर घेतला की ‘जुन्यातलं सगळं यात टाकून द्या’ असं सांगितलं जातं. मराठी छपाईच्या कामाला वापरलेल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. अलीकडेच एका वाचनालयाचा असा कॉम्प्युटर रिकामा करायला बसलो. विंडोज एक्सपी, ८० जीबीची हार्ड डिस्क, आणि तीत स्मरणिका, व्याख्यानमालेची पत्रकं, सभासदांच्या याद्या.

डिस्क काढून यूएसबी कन्व्हर्टरने नव्या कॉम्प्युटरला जोडली. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. म्हणून कन्व्हर्टरसोबतचा वेगळा अडॅप्टर लावावाच लागतो. आधी ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मधली माणसांच्या नावांची फोल्डरं आणि डेस्कटॉप उचलला. मग विंडोजमधलं ‘फाँट्स’ फोल्डर. हेच बहुतेकांकडून राहून जातं. शेवटी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकार ताडून पाहिला.

संख्या जुळली. पण एक यादी उघडली, तर मराठीचा पत्ता नाही. नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जुना ‘श्री-देव’ फाँट बसवला आणि नावं दिसू लागली. असं होतं, कारण युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र जागा देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. जागा जेमतेम २५६, त्यामुळे अर्धं अक्षर आणि काना जोडून पूर्ण अक्षर उभं करायचं. फाइलीत मराठी नसतेच. असतो तो तुकड्यांचा क्रम.

तो क्रम युनिकोडमध्ये आणताना खरी कसोटी लागते. ‘शिर्के’ घ्या. जुन्या फाइलीत ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी टाइप झालेली असते, कारण ती डावीकडे दिसते, युनिकोडमध्ये ती ‘श’नंतर येते. रफार जुन्यात ‘के’नंतर, युनिकोडमध्ये ‘के’च्या आधी. ‘कुलकर्णी’त तर पुष्कळ फाँटमध्ये दीर्घ वेलांटी आणि रफार मिळून एकच तुकडा असतो. रूपांतर करणारा प्रोग्रॅम हे बरंचसं सांभाळतो, पण चुकतो तो नेमका इथेच. म्हणून रूपांतरानंतर आडनावं एकेक करून मूळ यादीशी पडताळावी लागतात. प्रूफ तपासायची सवय असलेला माणूस शेजारी बसला, तर काम झपाट्याने होतं.

स्मरणिका पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममधल्या. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये त्या फाइली उघडायची सोय सीएस६पर्यंतच होती. म्हणून जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवरच त्यावर प्रत्येक अंकाची फाँटसकट पीडीएफ करून घ्यावी. पानाची मांडणी पीडीएफमध्ये राहते, मजकूर युनिकोडमध्ये, दोन्ही हवीत.

एवढा खटाटोप कशासाठी? गावातल्या संस्थांचा इतिहास बऱ्याचदा अशा एखाद्याच हार्ड डिस्कवर असतो. युनिकोडमध्ये आलेल्या मजकुरात कुणाच्याही आजोबांचं नाव शोधता येतं. जुन्या फाँटमध्ये अडकलेलं नाव फाइल समोर असूनही शोधात सापडत नाही. म्हणून प्रत्येक प्रकारची एक तरी फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडून वाचल्याशिवाय जुनी डिस्क फॉरमॅट करायला देऊ नका.