घंटी वाजवा जी!

सायकलीचा शोध लागला तेव्हा कुत्र्यांचे मत कोणी विचारलेले दिसत नाही. माणसाने दोन पायांवर चालावे, हे कुत्र्याच्या जातीने हजारो वर्षांपूर्वी मान्य केले. घोड्यावर बसावे, हेही चालवून घेतले. बैलगाडीखालून तर तो स्वतःच गाडी ओढत असल्याच्या थाटात चालतो. परंतु पाय जमिनीला न टेकता, ते नुसते गोल गोल फिरवीत एखादा गृहस्थ आपल्या आळीतून सरकत जातो, ही गोष्ट त्याच्या बुद्धीला अद्याप पटलेली नाही. वाचकहो, सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी हा वाद मिटायला तयार नाही.

फ्रान्समध्ये १८९०नंतरच्या दशकात सायकलस्वारांसाठी म्हणून एक खास छोटे रिव्हॉल्व्हर विकले जाई. त्याचे नावच मुळी ‘वेलो-डॉग’! वेलो म्हणजे सायकल आणि डॉग म्हणजे आपला तो सुपरिचित प्राणी. खिशात मावणारे ते हत्यार गालां नावाच्या बंदूककाराने काढले. ज्यांना मुक्या जिवावर गोळी झाडणे जिवावर येई, त्यांच्यासाठी तिखट भरलेली काडतुसेही मिळत. आमच्या विदर्भात एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. सावजी रश्श्याचा डबा उघडा करून हँडलला टांगला की काम भागावे.

मी तुमसरला मराठी शिकवतो. चाळिशी ओलांडली, डॉक्टरांनी पोटाकडे सूचक नजरेने पाहिले, आणि घरात धूळ खात पडलेली सायकल मी पुन्हा बाहेर काढली. तेव्हापासून रविवारी पहाटे आंबागडला जाऊन येणे हा माझा नेम झाला आहे. अंतर सुमारे १३ किलोमीटर. गाव मागे पडले की दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात, मधूनच एखादी बोडी चमकते, आणि समोर सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्या हळूहळू मोठ्या होत जातात. त्यांतल्याच एका टेकडीवर तो गड आहे. देवगडच्या बख्त बुलंदशहाच्या अमदानीत, १७००च्या सुमारास, राजा खान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्याला तिथल्या विहिरीचे कुजके पाणी पाजीत आणि त्यातच त्याचा शेवट होई, असे सांगतात. एवढे भयंकर स्थळ! पण मला गडावर कधी भीती वाटली नाही. जी काही भीती आहे, ती सगळी वाटेवर.

तिचा पहिला हप्ता गावाच्या वेशीतच वसूल होतो. तिथे चार कुत्र्यांची एक ठाम संघटना आहे. पायी जाणाऱ्याकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत. सायकल दिसली, की एक भुंकते आणि उरलेली तिघे पोटरीचा अंदाज घेत धावतात. पळते त्याच्यामागे पळावे, हा त्यांच्या रक्तातला कायदा आहे. लांडग्याच्या कुळातून आलेल्या प्राण्याला पळणारी वस्तू म्हणजे शिकार, मग तिला चाके का असेनात. म्हणूनच जोरात पायडल मारून निसटण्यात अर्थ नसतो. उलट शांतपणे उतरावे, सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये धरावी आणि चार पावले चालावे. संघटनेचे सभासद एकदम गोंधळून जातात. “अरे, हा तर माणूस!” असा भाव त्यांच्या मुद्रेवर उमटलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. मग ती जांभई देतात आणि मातीत बसून कान खाजवू लागतात.

मात्र या प्रकरणाची एक बाजू थट्टेची नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा चार दिवस लंगडत येत होता. तो रोज आठ किलोमीटर सायकल मारीत कॉलेजला येतो. विचारले तर म्हणे, “काही नाही सर, चेन लागली.” चेन लागली तर दातांचे ठसे कसे उमटतील? जखमेवर आजीने हळद आणि चुना भरला होता. दवाखान्याचे नाव काढताच तो ओशाळून हसला. “आजी म्हणते, पोटात चौदा सुया टोचतात. बाबांच्या भावाला टोचल्या होत्या.”

आजीचे म्हणणे खोटे नव्हते, फक्त जुने होते. १९११ साली कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेली लस आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवीत आणि पोटात टोचीत. त्या वेदनेची दहशत अशी, की कुत्रे चावल्याचे लोक लपवून ठेवीत. २००५च्या सुमारास ती लस आपल्याकडे बंद झाली. आता नवी लस ठरलेल्या तारखांना चार-पाच वेळा दंडात देतात, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. हे सारे मी त्या मुलाला व्हरांड्यातच सांगितले. आणखी एक गोष्ट सांगितली. हा रोग एकदा अंगात प्रकट झाला की त्यातून माणूस वाचत नाही असेच समजायचे. त्याआधी लस गेली तर मात्र तो टाळता येतो. म्हणून चावा बसताक्षणी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हळद नको, चुना नको, तिखट तर नकोच नको. उशीर झाला असला, तरीही जावे.

त्या दुपारी त्याला कॅरियरवर बसवून मी दवाखान्यात नेले. वाटेत वेशीतली संघटना आडवी आली. पोरगा माझ्या सदऱ्याला असा घट्ट बिलगला, की तो सदरा पुन्हा कॉलेजात घालता आला नाही. सगळ्या तारखा त्याने पाळल्या. शेवटच्या सुईनंतर आजीने माझ्याकडे शेरभर नवे पोहे पाठवले.

सायकल आणि ही लस यांचे नाते मला मोठे गमतीचे वाटते. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आपली लस टोचली, ती जुलै १८८५मध्ये. आणि इंग्लंडात जॉन केंप स्टार्ले यांनी दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली ‘रोव्हर’ सायकल आणली, तीही १८८५मध्येच. जणू विधात्याने एका हाताने पोटरी कुत्र्याच्या तोंडासमोर धरली आणि दुसऱ्या हाताने औषध पुढे केले.

वेस ओलांडली की गुरांचे राज्य सुरू होते. गाय बिचारी बाजूला होते. म्हैस होत नाही, पण तिच्या मनात काही नसते. तिचे मनच मुळी चिखलात असते. हल्या मात्र मान खाली घालून असा काही विचार करतो, की आपण सायकलवरून उतरून त्याचा निर्णय होईपर्यंत थांबावे हे उत्तम. पावसाळ्यात धामण रस्ता ओलांडते, तेव्हा दोन्ही पाय आपोआप हँडलपर्यंत वर येतात. त्या वेळी मी कसा दिसतो हे पाहायला कोणी नसते, एवढाच काय तो दिलासा. उन्हाळ्याच्या तोंडी टिटवी डोक्यावर झेपा घेते, कारण जवळपास उघड्या जमिनीवर तिची अंडी असतात. ऑस्ट्रेलियात मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी वसंतात सायकलस्वारांच्या डोक्यावर असाच तुटून पडतो. तिकडचे लोक त्याला भिवविण्यासाठी शिरस्त्राणावर काटेरी पट्ट्या खोचतात किंवा मागच्या बाजूला डोळे चितारतात. मी डोक्याला पंचा गुंडाळतो.

रोह्याची गोष्ट वेगळी. शहरात त्याला नीलगाय म्हणतात. धुक्यातून घोड्याएवढे ते जनावर अचानक सात-आठ पावलांवर उभे ठाकते आणि आपल्यापेक्षाही जास्त दचकून उधळते. कोणत्या दिशेला, हे त्यालाही आधी ठाऊक नसते. एकदा तर ते माझ्या पुढच्या चाकासमोरून इतक्या जवळून गेले, की त्याच्या अंगाचा वारा मला लागला. त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रानात सायकलीची खरी अडचण तिचा वेग नव्हे, तिचा अबोलपणा. मोटार अर्धा मैल आधीपासून आरडत येते. पायी माणूस पाला तुडवीत, खोकत, बोलत येतो. १८८८मध्ये डनलॉप यांनी हवेचे टायर काढले, माणसाची हाडे वाचली, आणि सायकल मुकी झाली. जनावराला वर्दी मिळत नाही. ते मान वर करते, तो आपण त्याच्या पुढ्यात!

अशाच एका वळणावर अस्वल भेटले.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. पहाटेची वेळ, मोहाच्या फुलांचा तो गोड, जड, किंचित आंबूस वास वाऱ्यावर पसरलेला. गडाच्या अलीकडे रस्ता वळतो. नेमाप्रमाणे घंटी वाजवीत मी वळलो. वीसेक पावलांवर, मोहाच्या झाडाखाली, काळा केसाळ ढिगारा हलत होता. हुंगणे, फुंकणे, पाला उडवणे, मचमच करणे असा एकच गोंगाट त्याचा चालला होता. वाळवीच्या वारुळाला तोंड लावून अस्वल ओढ घेते तेव्हा तो आवाज शंभर मीटरवरही ऐकू जातो, म्हणतात. त्या गदारोळात माझी घंटी त्याला कोठून ऐकू यायची? मी ब्रेक लावला, आणि नेमकी त्या ब्रेकची किंकाळी मात्र त्याने ऐकली.

ते मागच्या पायांवर उभे राहिले. वाचकहो, सर्कशीतले अस्वल उभे राहते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. इथे माझे हात हँडलला चिकटून गेले होते. त्याच्या छातीवरचा पांढरट अर्धचंद्र मला स्पष्ट दिसला. नाक वर करून ते हवा चाळीत होते. अस्वलाची नजर अधू, कानही बेताचे. त्याचा सारा भरवसा नाकावर, आणि वारा माझ्याकडून त्याच्याकडे नव्हता. समोर काहीतरी आहे एवढेच त्याला कळत होते. काय आहे, हे कळत नव्हते. वाघ माणसाला टाळून निघून जातो. अस्वलाला मात्र जवळून दचकवले तर ते बहुधा अंगावर येते आणि पंजे थेट तोंडावर घालते. ते माणसापेक्षा वेगाने धावते, हेही मी वाचले होते. अशा वेळी वाचलेले सगळे एकदम आठवते, हा एम. ए. होण्याचा तोटा.

तेवढ्यात पलीकडच्या झाडाखालून एक आवाज आला. मोठा, पण अगदी घरगुती.

“उभे राहा जी भाऊ! पळू नोका!”

टोपली कमरेवर घेतलेली एक म्हातारी बाई तिथे होती. ती माझ्याशी बोलत होती, आणि अस्वलाशीही. “जा रे बापा, जा. खाल्लं ना पोटभर? आता आमाले वेचू दे.” शेजारचे अवखळ पोर अंगणात शिरावे तसा तिचा सूर होता. मी सायकल पुढे धरून एक एक पाऊल मागे सरकलो. अस्वलाने एकदा फुत्कार टाकला, चारी पायांवर आले आणि आपल्या ढिल्या, डुलत्या चालीने टेकडीकडे निघून गेले.

माझे पाय पुन्हा माझे व्हायला वेळ लागला. बाई मात्र केव्हाच वाकून फुले वेचू लागली होती. म्हणाली, “त्याले दिसत नाही जी. आपन आलो म्हनून सांगा लागते. घंटी वाजवा, लय वाजवा. तो बी घाबरते, आपन बी घाबरतो.” मी विचारले, “आजी, तुम्ही रोज एकट्याच येता?” तिने टोपलीकडे बोट दाखवले. मोह उजाडण्याआधी गळतो. उशीर केला तर गुरे खातात, हरणे खातात. पंधरा-वीस दिवसांचा हा हंगाम, त्यावर घरचे तेल-मीठ चालायचे. तिच्या जावेला याच रानात अस्वलाने धरले होते. जाऊ वाचली, एक डोळा गेला. “तरी ती बी येते,” बाई म्हणाली, “तिकडं हाय, त्या मोहाखाली.” मी पाहिले. खरोखरच पलीकडे एक पदर हलत होता, आणि कोणाशीतरी मोठ्याने बोलल्याचा आवाज येत होता. तिथे दुसरे कोणीच नव्हते.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने अस्वलाला संपूर्ण संरक्षण दिले आहे आणि ते योग्यच आहे. जखमी झालेल्याला सरकारी भरपाईही मिळते. पण पहाटे चार वाजता मोहाखाली वाकलेल्या बाईचे संरक्षण तिच्या स्वतःच्या गळ्यातच असते.

सोमवारी वर्गात मी ही हकीकत सांगितली. त्या भागातल्या गावांतून पाच मुली सायकलने कॉलेजला येतात. थंडीत परतताना अंधार पडतो. त्या हसल्या. त्यांना हे सगळे माझ्याआधीपासून ठाऊक होते. रानाचा पट्टा लागला की पहिली आणि शेवटची घंटी वाजवीत राहते आणि मधल्या तिघी मोठ्याने काहीतरी म्हणत असतात. “काय म्हणता?” मी विचारले. गाणी संपली होती, एक जण म्हणाली, म्हणून सध्या माझ्या वर्गातल्या अलंकारांच्या व्याख्या म्हणतात. रोज, ओळीने, उदाहरणांसकट.

गेल्या परीक्षेत उत्प्रेक्षेच्या प्रश्नाला पाचही जणींना पैकीच्या पैकी गुण मिळाले. अस्वलाचा पेपर अजून तपासायचा आहे.