विश्लेषण : दिव्यांगांच्या लैंगिकतेचा निर्णय कोणाचा?

दिव्यांग मुलगी वयात आली की घरच्यांना घोर लागतो तो तिच्या सुरक्षिततेचा. तिलाही प्रेम, लग्न, मूल हवे असू शकते, हे विचारायचे राहूनच जाते. कायदा मात्र हा निर्णय तिचा मानतो.

शिरूर प्रकरण काय होते?
फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय संस्थेतील बौद्धिक दिव्यांग मुली व तरुणींची गर्भाशये काढण्यात आली. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही, असे कारण देण्यात आले. महिला संघटनांनी त्याला तीव्र विरोध केला. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा दिसेनासा होतो, हा त्यातला कळीचा मुद्दा.

न्यायालय काय म्हणते?
चंडीगडच्या शासकीय संस्थेतील बौद्धिक दिव्यांग तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला, पण तिला मूल हवे होते. सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हा गर्भपात रोखला. मूल जन्माला घालायचे की नाही, हा निर्णय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

कायद्यातील तरतूद काय?
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम १० नुसार, वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या संमतीविना करता येत नाही. दिव्यांग स्त्रीचा तिच्या संमतीविना गर्भपात केल्यास कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कैद होऊ शकते. तीव्र दिव्यांगत्व असल्यास मात्र डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती, असा अपवाद आहे.

समलैंगिक दिव्यांगांचे काय?
‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ (२०१४) चित्रपटातील सेरेब्रल पाल्सी असलेली लैला एका तरुणीच्या प्रेमात पडते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आणले. पण व्हीलचेअर ढकलणारा, फोनवरचा मेसेज वाचून दाखवणारा घरचाच माणूस असेल, तर खासगीपण उरतेच कुठे?

घरी काय करता येईल?
अवयवांची नावे, पाळी, नकोसा स्पर्श, होकार-नकार हे सोप्या शब्दांत, चित्रांतून किंवा सांकेतिक भाषेत शिकवता येते. ज्या मुलीला अवयवाचे नावच ठाऊक नाही, ती तक्रार तरी कशी करणार? म्हणूनच ही माहिती सुरक्षिततेच्या आड येत नाही; सुरक्षितता तिथूनच सुरू होते.