एसटीचा फोटो काढताना पाटीची अक्षरं का तुटतात?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या स्टँडवर मी मोबाईलवर एसटीचे फोटो काढतो. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू आहे, आणि त्यात एसटीही येते. जुनी लालपरी भंगारात गेली की उरतो तो फक्त फोटो. म्हणून त्यात पाटी आणि नंबर वाचता आलाच पाहिजे.

रंगवलेली पाटी सोपी. एलईडी पाटीची अक्षरं मात्र अर्धवट येतात. कारण तिचे सगळे दिवे एकदम पेटत नाहीत; ओळीओळीने, खूप वेगात चालू-बंद होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/१००० सेकंदाचं शटर ते पकडतं.

उपाय काय? गाडी उभी असताना प्रो मोडमध्ये शटर १/६० च्या आसपास आणि आयएसओ सर्वांत कमी ठेवा. भर उन्हात फोटो पांढरा पडेल, म्हणून शेडखाली किंवा संध्याकाळी काढा. धावत्या गाडीला १/५०० तरी लागतं, तिथे एलईडी पाटीचा मोह सोडा.

आता नंबर. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बांधलेल्या बऱ्याच गाड्यांवर एमएच १४ दिसतं, चिकलठाण्याच्या गाड्यांवर एमएच २०. म्हणजे गाडी कुठे बांधली, याचा अंदाज नंबरवरूनच येतो.

मित्राला पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला तर तो लहान होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहितीही जाते.

आणि हो, रिव्हर्स येणाऱ्या एसटीच्या मागे कधीच उभं राहू नका!