ठिकाण कळते, पत्ता द्यावा लागतो

चातुर्मासाची समाप्ती झाली की साधु-साध्वींचा विहार सुरू होतो. जालन्याहून अंबड, परतूर, भोकरदन अशा निरनिराळ्या दिशांना पायी जाणाऱ्या संघांमागे श्रावकांची एक निःशब्द धावपळ चालू असते. पुढचा मुक्काम कोणत्या गावी, तेथे स्थानक वा मंदिर आहे की शाळेच्या खोलीत उतरायचे, रस्ता कोणता, याची आगाऊ चौकशी करावी लागते. पूर्वी ही चौकशी निरोपाने होत असे. आता मोबाइलवर ‘लोकेशन’ पाठवले जाते. साधु-साध्वी बहुधा स्वतः यंत्र बाळगत नाहीत. त्यामुळे श्रावकाने पाठवलेले ठिकाण चुकले, तर त्या चुकीचे अंतर अनवाणी पावलांना चालावे लागते. हीच चूक मध्यरात्री एखाद्या घरी बोलावलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेबाबत झाली, तर वाया गेलेल्या मिनिटांची किंमत सांगायला नको. म्हणूनच यंत्र पत्ता कसा शोधते आणि कोठे अडते, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपले स्थान आणि अचूक वेळ सांगणारा संदेश अखंड पाठवत असतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र त्या उपग्रहाचे अंतर काढते, आणि किमान चार उपग्रहांची अंतरे जुळली की स्वतःची जागा ओळखते. येथे घड्याळ एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाने चुकले, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरांचा फरक पडतो. म्हणून उपग्रहांत आण्विक घड्याळे बसवलेली असतात. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला, तिचेही तत्त्व हेच. मात्र एवढ्या सगळ्या गणितातून हाती येतात ते केवळ अक्षांश आणि रेखांश. ते घर कोणाचे, गल्ली कोणती, गावाचे नाव काय, यांपैकी उपग्रहाला काहीच ठाऊक नसते. ठिकाण आकाशातून कळते. पत्ता मात्र माणसांनी ठरवून, लिहून, नकाशात नोंदवून द्यावा लागतो.

जालना शहराचेच पाहा. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवा जालना. पत्ता विचारला तर उत्तर मिळते ते गांधी चमनपासून, मस्तगडापासून किंवा एखाद्या दुकानापासून: ‘तेथून डावीकडे वळा आणि कोणालाही विचारा.’ ही पद्धत टाकाऊ नाही. वाटेवर माणूस भेटेल या विश्वासावर ती शतकानुशतके चालत आली. परंतु यंत्राला ‘कोणालाही विचारा’ हे कळत नाही, आणि मध्यरात्री विचारायला कोणी भेटतही नाही.

खेड्यांच्या नावांत आणखी गुंता आहे. एका भोकरदन तालुक्यातच पिंपळगाव रेणुकाई आणि पिंपळगाव कोलते अशी दोन पिंपळगावे आहेत. महाराष्ट्रभर तर पिंपळगावे किती, याची मोजदाद करणे कठीण. एकाच नावाची दोन गावे ओळखण्यासाठी जुन्या दप्तरांनी थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हटले. आपण बोलताना ही शेपटे गाळतो; यंत्राला मात्र तीच हवी असतात. त्यात जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत जालना, अंबड, भोकरदन हे औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात आढळते. वडिलोपार्जित कागदांवरून पत्ता उतरवून घेणाऱ्याची येथे हमखास गफलत होते.

या नामसाम्यावर टपाल खात्याने काढलेला उपाय म्हणजे पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशभर लागू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवी म्हणूनही ख्यातनाम होते. जालन्याच्या ४३१२०३ या क्रमांकातील पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय ओळखतात. पण एका कार्यालयाखाली अनेक वस्त्या येतात. पिनकोड पोस्टमनच्या पिशवीपर्यंत पोहोचवतो. पुढचे काम पोस्टमनच्या ओळखीवर चालते.

पत्ता नीट बांधलेला असला म्हणजे यंत्राचे काम किती सोपे होते, हे पाहायचे तर फ्रान्सचे उदाहरण उद्बोधक आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे गेलेल्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना ते उपयोगीही पडेल. पॅरिसमध्ये १८०५ साली घरांना क्रमांक देण्याचा नियम झाला. रस्त्याच्या एका बाजूस विषम, दुसऱ्या बाजूस सम क्रमांक. सेन नदीला समांतर असलेल्या रस्त्यांवर क्रमांक प्रवाहाच्या दिशेने वाढतात. नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांवर ते नदीकडून सुरू होतात. दोन घरांमध्ये नवे घर उभे राहिले तर त्याला ‘१२ बिस’, म्हणजे ‘दुसऱ्यांदा १२’, असा क्रमांक मिळतो. फ्रान्सचा पाच अंकी टपाल क्रमांकही योगायोगाने १९७२ सालचाच. त्याचे पहिले दोन अंक सामान्यतः जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग दर्शवतात, पॅरिसचे ७५.

तरीही तेथे नवखा माणूस फसतो. शालों-सुर-सोन आणि शालों-आं-शांपाञ ही दोन नगरे बोलताना जवळजवळ सारखी ऐकू येतात, पण त्यांच्यात दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे. म्हणजे बुद्रुक-खुर्दचा प्रश्न तेथेही आहेच. यंत्रात आधी टपाल क्रमांक घालून मग गाव निवडणे हा त्यावरील सोपा उपाय. पत्त्यात ‘सेदेक्स’ हा शब्द दिसला तर तो संस्थांच्या टपालाची वेगळी व्यवस्था सांगतो. त्याच्या क्रमांकावरून इमारत सापडेलच असे नाही. ‘बिस’ गाळले तर शेजारच्या दारी उभे राहण्याची पाळी येते.

फ्रान्सच्या खेड्यांत तर परवापरवापर्यंत आपल्यासारखीच स्थिती होती. अनेक घरांना रस्ता नाही, क्रमांक नाही. फक्त वस्तीचे परंपरागत नाव. यंत्र वस्तीच्या मध्यावर आणून सोडी आणि पुढे विचारत जावे लागे. फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने लहानमोठ्या सर्व ग्रामपालिकांवर रस्त्यांना नावे आणि घरांना क्रमांक देण्याची जबाबदारी टाकली. ग्रामीण भागात पुष्कळ ठिकाणी क्रमांक हा रस्त्याच्या प्रारंभापासूनचे मीटरमधील अंतर असतो. ५४० क्रमांकाचे घर म्हणजे रस्त्याच्या तोंडापासून सुमारे ५४० मीटरवर. वाटेत नवे घर झाले तरी कोणाचा क्रमांक बदलावा लागत नाही. यंत्रे प्रगत होती, उपग्रह होते. तरी त्या समाजाला घराघराला पत्ता देण्याचे काम स्वतःच करावे लागले.

भारताने याच दिशेने टाकलेले पाऊल म्हणजे ‘डिजिपिन’. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने ही पद्धत तयार केली; मे २०२५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. संपूर्ण देश सामावणाऱ्या एका चौकोनाचे सोळा भाग, त्यातील प्रत्येकाचे पुन्हा सोळा, असे दहा वेळा केले की सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकट उरते. प्रत्येक पायरीला एक अंक किंवा इंग्रजी अक्षर, असा दहा चिन्हांचा संकेत तयार होतो. जालना शहरातील कोणत्याही घराचा डिजिपिन ‘४ सी’ने सुरू होतो. शेतातील वस्ती असो वा क्रमांक नसलेले घर, प्रत्येकाला तो मिळतो. त्यात नाव, कुटुंब अशी कोणतीही वैयक्तिक माहिती नसते. मात्र तो मजला सांगत नाही. तळमजल्याचा आणि चौथ्या मजल्याचा संकेत एकच असतो. म्हणून तो लिखित पत्त्याच्या जोडीला ठेवायचा, त्याच्या जागी नव्हे.

विहाराच्या व्यवस्थेत आणखी एक सावधगिरी हवी. नकाशा बहुधा वाहनाचा मार्ग दाखवतो. जालन्यावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर पायी चालण्यास परवानगी नाही. म्हणून पायी मार्गाचा पर्याय निवडूनच रस्ता पाहावा. जवळची म्हणून दाखवलेली पाणंद पावसानंतर काळ्या मातीच्या चिखलात बुडालेली असू शकते. पुढच्या गावातील एका श्रावकाला फोन करून विचारणे हा उपाय अजूनही जुना झालेला नाही.

करावयाचे काम मोठे नाही. घरातील तरुणाने एका संध्याकाळी घराच्या दाराशी उभे राहून डिजिपिन काढावा; तो गावाचे पूर्ण नाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड यांसह कागदावर लिहून टेलिफोनजवळ किंवा दाराच्या आतल्या बाजूस लावावा. घरी एकटे असणाऱ्या आजी-आजोबांना तो मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे अडचणीच्या वेळी त्यांना सांगता येईल. श्रीसंघाने आपले स्थानक, मंदिर, धर्मशाळा आणि विहारमार्गावरील मुक्कामाची ठिकाणे यांची अशीच यादी करून दरवर्षी तपासावी.

ईर्या समिती सांगते की पुढची सुमारे चार हात भूमी पाहून, जीव जपून पाऊल टाकावे. विहार करणारे साधु-साध्वी हे व्रत प्रत्येक पावलाला पाळतात. त्यांना मुक्कामाचे ठिकाण बिनचूक सांगणे हे श्रावकाचे काम आहे, आणि त्यासाठी एका संध्याकाळचा वेळ पुरेसा आहे.