स्नायूंचा अशक्तपणा : रोगामुळे की औषधामुळे?

कोलकात्यातील सेठ सुखलाल करनानी स्मारक रुग्णालयापाशी सर रोनाल्ड रॉस यांचे स्मारकद्वार आहे. येथील एका लहानशा प्रयोगशाळेत १८९८ साली रॉस यांनी पक्ष्यांवर प्रयोग करून, हिवतापाचे जंतू डासाच्या चाव्याने पसरतात हे सिद्ध केले. आज त्याच रुग्णालयात संधिवात व तत्सम विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. आणि नवल असे की, हिवतापावरील औषधांपैकीच एक या विकारांत कामी येते.

शरीराची संरक्षक शक्ती जंतूंऐवजी स्वतःच्याच अवयवांवर उलटली, म्हणजे ल्यूपससारखे रोग होतात. हिवतापाच्या मेपाक्रिन या औषधाचा ल्यूपसवर गुण येतो, असे १९५१ साली लंडनचे डॉ. पेज यांनी दाखविले. पुढे त्याची जागा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने घेतली. दाह तीव्र असल्यास स्टेरॉइडेही द्यावी लागतात. ही औषधे अनेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागतात.

अशा रुग्णाला पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढवत नाही, वेणी घालताना हात गळून येतात. घरची माणसे म्हणतात, "थकवा असेल!" परंतु यामागे तीन कारणे संभवतात. रोगानेच स्नायूंना दाह झाला असेल. स्टेरॉइडांनी मांड्या व खांदे हळूहळू, बहुधा न दुखता, दुबळे केले असतील. किंवा क्वचित हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने स्नायूंना अपाय केला असेल.

लक्षणे सारखी, पण उपाय उलट! दाह असेल तर औषध वाढवावे लागते. दोष औषधाचा असेल तर ते कमी करावे लागते. निदान चुकले, तर उपचारच अपाय करतो. रक्तातील सी.के. हे द्रव्य दाहात बहुधा वाढते, स्टेरॉइडजन्य अशक्तपणात बहुधा वाढत नाही. शंका उरल्यास स्नायूचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

म्हणून कुटुंबियांनी औषधाचे नाव, मात्रा व तारीख एका वहीत लिहून ठेवावी, आणि अशक्तपणा केव्हा सुरू झाला हेही टिपावे. डॉक्टरांना वाट सापडते ती बहुधा याच वहीतून. स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकाएकी कधीही बंद करू नये. दीर्घकाळ ते घेतल्याने शरीरातील संबंधित ग्रंथी मंदावलेल्या असतात, आणि अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते. घास गिळता येईनासा झाला किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

धीर देणारी गोष्ट अशी की, औषधजन्य अशक्तपणा वेळीच ओळखला, तर मात्रा घटविल्यावर आणि बेताचा व्यायाम केल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत बहुधा ओसरतो. पाटावरून उठताना टेकलेल्या हाताकडे घरच्यांचे लक्ष गेले, एवढेच पुष्कळदा पुरेसे होते.