चाळिशीनंतर समुपदेशनाकडे

शिक्षिका, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, मुले मोठी झालेल्या गृहिणी असे बरेच जण चाळिशी-पन्नाशीत समुपदेशनाकडे वळतात. या वयात आधी कोर्स करून मग काम शोधणे परवडत नाही. शाळेत मुलांशी बोलायचे, रुग्णालयात काम करायचे की स्वतंत्र व्यवसाय थाटायचा, हे आधी ठरवावे; शिक्षणाची वाट त्यावरून ठरते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. समुपदेशकाला आजवर अशी सक्ती नव्हती, म्हणून शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्रही दिमाखात भिंतीवर लागते. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि वर्तन-आरोग्य समुपदेशक आले आणि ही मोकळीक आवळू लागली.

त्याचा फटका प्रौढ विद्यार्थ्यांना अधिक बसला. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला मानसशास्त्रात एम.ए. करू देणारा इग्नूचा दूरस्थ अभ्यासक्रम नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांच्या सोयीचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. आता एम.ए. करायचे तर दोन वर्षे वर्गात बसायची तयारी हवी.

शिक्षकांना एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका सोयीची. सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने कार्यानुभव अशी तिची रचना. महाराष्ट्रासाठीची प्रादेशिक संस्था भोपाळला असल्याने रजेची सोय मात्र आधी पाहावी लागते.

कोणत्याही माहितीपत्रकात प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास काम मिळते आणि ते कोणाच्या देखरेखीखाली, हे सर्वांत आधी शोधावे. पन्नाशीतल्या माणसाकडे अनुभवाचे भांडवल असते, तशी सल्ला देण्याची खोडही असते. समोरचा बोलत असताना मनात उत्तर तयार होऊ लागते. ही सवय पुस्तके वाचून जात नाही. अनुभवी सुपरवायझरने झालेला संवाद वाक्यावाक्याने उलगडून दाखवला, की ती स्वतःला दिसू लागते. ही सोय नसलेला कोर्स कितीही स्वस्त असला तरी महागच.

आपला पिंड या कामाचा आहे का, हे अजमावायला मुंबईतील समॅरिटन्स किंवा पुण्यातील कनेक्टिंगसारख्या, भावनिक आधाराची हेल्पलाइन चालवणाऱ्या संस्थांचे स्वयंसेवक-प्रशिक्षण उपयोगी पडते. आणि मान्यतेबाबत प्रवेश-कार्यालयाच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता, परिषदेच्या किंवा आयोगाच्या यादीत नाव पाहूनच फी भरावी.