सोलापूर कुणाचं?

दोस्तांनो, तुमच्या वर्गात भांडणं कशावरून होतात? खोडरबरावरून, खिडकीजवळच्या जागेवरून, डब्यातल्या लोणच्यावरून! आमच्या चौथीच्या वर्गात मात्र गेल्या पावसाळ्यात चक्क सोलापूरवरून भांडण झालं. पहिलीपासून एका बाकावर बसणाऱ्या दोन जिवलग मैत्रिणी आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. आणि याला जबाबदार कोण? तर मी, त्यांच्या बाई!

त्याचं असं झालं. आमची शाळा नगर जिल्ह्यातली. (हो, आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे. पण गोष्ट निजामशाहीच्या काळातली, म्हणून इथे नगरच म्हणते.) चौथीला शिवरायांचा इतिहास असतो. त्यात पाच शाह्यांची नावं येतात. नगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बिदरची बरीदशाही. मुलं ती घडाघडा म्हणून दाखवतात. पण "या पाच जणांचं एकमेकांशी पटायचं का रे?" असं विचारलं, की वर्ग चिडीचूप.

त्याच सुमाराला एका मुलाने मामाच्या मोबाईलवरच्या खेळाचं वर्णन सुरू केलं. साम्राज्यं उभारायची, फौजा जमवायच्या, चारपाच जणांनी एकाच नकाशावर लढायचं. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, त्यात रोम आहे, इंग्लंड आहे. आपलं नगर का नाही?"

मी म्हटलं, आपणच करू की!

असले खेळ काही मोबाईलबरोबर जन्माला आलेले नाहीत, बरं का! अमेरिकेत ॲलन कॅलहॅमर नावाच्या माणसाने १९५४ साली 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ तयार केला. युरोपातल्या सात सत्ता, सात खेळाडू आणि फासा मुळीच नाही. आधी कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी बोलणी करायची, मग आपापली चाल कागदावर लिहायची आणि सगळ्यांचे कागद एकदम उघडायचे. बोलण्यात दिलेलं वचन कागदावर पाळायलाच हवं, असं बंधन नाही! (हे कॅलहॅमर पुढे पोस्टमनची नोकरी करायचे. एवढा कारस्थानी खेळ शोधणारा माणूस घरोघर मुकाट्याने पत्रं वाटायचा, याची मला फार गंमत वाटते.)

ही युक्ती मी उचलली. शाळेच्या व्हरांड्यात खडूने दख्खनचा नकाशा काढला. गोदावरी, भीमा, कृष्णा काढल्या. सैन्य म्हणून चिंचोके! नगरला १०, विजापूरला १०, गोवळकोंड्याला ९, वऱ्हाडला ६ आणि बिदरला फक्त ४. नगर आणि विजापूर यांच्या मधोमध सोलापूर. ते ज्याच्याकडे, त्याला दर फेरीला ३ चिंचोके जादा. सुरुवातीला ते विजापूरकडे ठेवलं. पाच मिनिटं बोलणी, मग चिठ्ठी, मग लढाई.

बिदरवाला मुलगा आधी रुसूनच बसला. चार चिंचोक्यांत काय होतंय? पण दोन फेऱ्यांत त्याच्या ध्यानात आलं, की नगर आणि विजापूर बरोबरीत असले म्हणजे त्याचे चार चिंचोके ज्या बाजूला पडतील ती बाजू जिंकते! मग काय, दोन्ही राण्या त्याच्या मागे मागे. खऱ्या इतिहासात बिदरच्या अमीर बरीदला 'दख्खनचा कोल्हा' म्हणत. आमचा कोल्हा मधल्या सुट्टीत दोन्हीकडचे शेंगदाण्याचे लाडू खाऊन आला.

आणि तिसऱ्या फेरीत ते सोलापूरचं घडलं. विजापूरच्या राणीने नगरच्या राणीला कानात सांगितलं, "तू गोवळकोंड्याविरुद्ध माझ्या बाजूने ये, मी तुला सोलापूर देते." नगरने मदत केली, दोघी जिंकल्या. चिठ्ठ्या उघडल्या. विजापूरच्या चिठ्ठीत सोलापूर देण्याचा उल्लेखच नाही!

"बाई, हिनं फसवलं!"

"बाई, मी कधी देते म्हटलं होतं?"

डबा वेगळा, बाक वेगळा. मला वाईट वाटलं. पण खरं सांगू? अंगावर काटाही आला. कारण असंच, अगदी असंच, १५२४ साली घडलं होतं आणि मी ते मुलांना अजून सांगितलेलंच नव्हतं.

तेव्हा दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून मी गोष्टच सांगायला बसले. बहमनी राज्य मोडकळीला आलं तेव्हा मलिक अहमद या सरदाराने १४९० साली भिंगारजवळ बहमनी फौजेला हरवलं. तिथेच पुढे त्याने स्वतःच्या नावाचं शहर वसवलं. तेच आपलं नगर. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह. विजापूरच्या आदिलशाहाशी त्याचं जमेना, म्हणून १५२४ साली सोयरीक झाली. आदिलशाहाच्या बहिणीचं बुऱ्हाणशी लग्न लागलं आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला द्यायचं ठरलं. नवरी आली, किल्ला काही आला नाही! त्यावरून जी लढाई जुंपली, ती पिढ्यान् पिढ्या चालली.

विजापूरची राणी मान खाली घालून ऐकत होती. नगरच्या राणीने मात्र विचारलं, "मग त्यानं काय केलं?"

त्याने काय केलं? त्याने तिसऱ्याला बोलावलं. दक्षिणेला विजयनगरचं बलाढ्य राज्य होतं. तिथला कारभार रामराया पाहत असे. त्याच्या मदतीने बुऱ्हाणने १५५२ च्या सुमाराला सोलापूर घेतलं. लगेच पुढच्या पिढीत विजापूरने तोच डाव टाकला. आता रामराया विजापूरच्या बाजूने नगरवर चालून आला! बुऱ्हाणचा मुलगा हुसेन याला वेढा पडला, अपमानाचा तह करावा लागला. फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहिलंय, की भेटीत रामरायाने हुसेनचा हात हातात घेतला, तेव्हा हुसेनने तिथेच पाणी मागवून आपले हात धुतले. म्हणजे राग किती धुमसत होता बघा! (हा फिरिश्ता आधी नगरच्या दरबारात होता, नंतर विजापूरला गेला. त्यानेही पक्ष बदललाच!)

मुलांना मी एक प्रश्न घातला. रामराया हिंदू आणि हे सुलतान मुसलमान, म्हणून ते भांडत होते का? बरीच डोकी होकारार्थी हलली. मग रामरायाला बोलावणारे कोण होते? आधी नगरचा सुलतान, मग विजापूरचा सुलतान! डोकी हलायची थांबली.

आमच्या खेळात विजयनगर पाचवीतल्या एका मुलाला दिलं, २० चिंचोके. दोन फेऱ्या तो ज्याला त्याला मदत करत होता आणि दर मदतीला तीन चिंचोके घेत होता. तिसऱ्या फेरीला त्याच्याकडे २६ झाले आणि बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. नगरच्या राणीने कोल्ह्याला मध्यस्थ म्हणून पाठवलं, कारण ती अजून विजापूरशी बोलत नव्हती ना! नगर, विजापूर, गोवळकोंडा, बिदर एक झाले. वऱ्हाड घरात बसलं. खऱ्या इतिहासात १५६५ च्या २३ जानेवारीला हेच झालं. तालिकोटची लढाई! रामराया मारला गेला, विजयनगर राजधानीची धूळधाण उडाली. त्या युतीसाठी पुन्हा सोयरीक करावी लागली होती. हुसेनची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली आणि आंदण काय दिलं असेल? ओळखा पाहू!

"सोलापूर!" अख्खा वर्ग ओरडला.

पण युती टिकली का? छे! नगरने काही वर्षांतच, १५७४ साली, वऱ्हाड गिळून टाकलं. आमच्या वऱ्हाडच्या राणीचेही सहा चिंचोके नगरने खाल्ले. ती बाहेर पडली, म्हणून मी तिला बखर लिहायला बसवलं. सगळ्यांत शांत मुलगी. तिच्या वहीत कोण कुणाशी काय खोटं बोललं याची तारीखवार नोंद आहे. ती वही मी जपून ठेवलीय.

चांदबिबीची गोष्ट सांगताना वर्ग फार गप्प होता. नगरची लेक, विजापूरची सून. १५८० साली नवरा गेला. विजापूरच्या लहानग्या सुलतानासाठी तिने कारभार पाहिला. मग ती माहेरी परतली. माहेरी गादीवरून सरदारांचे तट पडलेले. त्यांतल्या एकाने, नगरच्याच वजिराने, मियाँ मंजूने, काय करावं? मोगलांना मदतीला बोलावलं! अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन १५९५ च्या अखेरीला नगरच्या किल्ल्याला भिडला. सुरुंगाने तट फुटला. चांदबिबी स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभा केला. किल्ला वाचला, पण वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं. पुढे १६०० साली मोगल पुन्हा आले, तेव्हा तिच्याच माणसांना संशय आला, की ही शत्रूला फितूर झाली. त्यांनीच तिला मारलं आणि लगेच किल्ला पडला.

"बाई," एकीने हळूच विचारलं, "ती शेवटी कुणाच्या बाजूची होती? नगरच्या की विजापूरच्या?"

याचं उत्तर मी दिलं नाही. मला ते एका वाक्यात देता येईना.

राजधानी गेली तरी निजामशाही मेली नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे आला. त्याने निजामशाही घराण्यातल्या एकाला गादीवर बसवलं आणि गनिमी काव्याने मोगलांना पंचवीस वर्षं जेरीला आणलं. त्याची सर्वांत नामी लढाई आपल्याच जिल्ह्यातली, भातवडीची. १६२४ साली मोगल आणि विजापूर दोघे मिळून त्याच्यावर आले. अंबरने तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी शिरलं, चिखलात घोडे रुतले आणि मग त्याने झडप घातली. त्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. आणि शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव? ते तेव्हा मोगलांच्या बाजूला! जावई इकडे, सासरे तिकडे. भातवडीच्या तळ्याकाठी गेलात तर हे आठवून बघा. मला तरी ते पाणी नुसतं पाणी वाटत नाही.

जिंकल्यावर अंबरने पुढच्या वर्षी काय घेतलं? सोलापूर!

१६२६ साली अंबर वारला आणि डाव उलटा फिरला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतलं. शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून शेवटचा प्रयत्न केला. (पेमगिरीचा प्रचंड वड पाहिलाय ना? सहलीला जाणारे वड पाहून परततात, किल्ला राहून जातो.) तीन वर्षं त्यांनी राज्य तगवलं. विजापूरने ठरवायचं होतं, की शेजाऱ्याला वाचवायचं की मोगलांशी वाटणी करायची. १६३६ साली वाटणी झाली. निजामशाही संपली आणि सोलापूर परत विजापूरला मिळालं. नगरला ओतलेली पंचावन्न टनांची मुलूखमैदान तोफही त्याआधीच, १६३२ मध्ये, विजापूरला गेली होती. अजून तिथेच आहे.

विजापूरला सोलापूर मिळालं खरं, पण मध्ये असलेली भिंत गेली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा. बिदर तर विजापूरने १६१९ मध्येच खाल्लं होतं. पाचही चिंचोके एका मुठीत! मग मराठ्यांशी झुंजत झुंजत तो म्हातारा बादशहा १७०७ साली वारला. कुठे, माहीत आहे? नगरला, भिंगारजवळ. जिथे मलिक अहमदने पहिली लढाई जिंकली होती, त्याच मुलखात.

आता आमच्या व्हरांड्यातली शेवटची फेरी. मोगल म्हणून सातवीतला एक उंच मुलगा आणला होता, ४० चिंचोके. नगरकडे उरले होते ५, विजापूरकडे ८. मोगलाने विजापूरला सगळ्यांदेखत सांगितलं, "नगर अर्धं तुला, सोलापूर कायमचं तुझं." पाच मिनिटं संपली. विजापूरच्या राणीने चिठ्ठीवर हात आडवा धरून काहीतरी लिहिलं. नगरच्या राणीने तिच्याकडे बघितलंही नाही.

चिठ्ठ्या उघडल्या. विजापूरचे आठही चिंचोके नगरच्या बाजूने!

आठ आणि पाच तेरा. समोर चाळीस. दोघी साफ हरल्या. मोगलाने आरोळी ठोकली, बखरवालीने वहीत नोंद केली, "दि. ११, दुपारी ३, सगळे संपले."

घंटा झाल्यावर मुलांनी पोषण आहाराच्या मावशींकडे सगळं सैन्य नेलं आणि चुलीच्या निखाऱ्यात भाजायला टाकलं. विजापूरच्या राणीने त्याआधी त्यातले तीन चिंचोके उचलून ठेवले होते. ते तिने नगरच्या राणीच्या हातावर ठेवले. "घे तुझं सोलापूर."

नगरच्या राणीने थोडा वेळ विचार केला. मग ती म्हणाली, "आता काय उपयोग? चल, भाजू." आणि ते तिन्ही तिने निखाऱ्यात टाकले.